पहाटेचा खोकला

मला क्षय झाला होता. आमच्या घरात हा शब्द कोणी उच्चारत नसे, ‘छातीचं’ म्हणत. मी सरळ लिहिते. आमच्या आळीतल्या एका सुनेला परवा हाच आजार निघाला. आता गोळ्या मिळतात, माणूस बरं होऊन कामाला लागतं. तरी तिच्या घरच्यांनी आधी चौकशी केली ती ही, की पोरीला लागलं कोण, कुठल्या मेलेल्या बाईने धरलं? ते ऐकलं आणि ठरवलं की आपलं लिहून ठेवायचं. मी चौथीपर्यंत शिकले. औषधांची नावं मला येत नाहीत, ती डॉक्टरांना विचारा. मी फक्त काय झालं ते सांगते.

*

वसईच्या खाडीकाठी आमचं घर. पुढे खाजणातली भातशेती, मागे केळीची वाडी. स्वातंत्र्य आलं त्याच्या आगेमागे माझं लग्न झालं. मी दुसरेपणाची. नवऱ्याची पहिली बायको आदल्या आश्विनात छातीच्या दुखण्याने गेली होती. तिला थोरली म्हणत आणि मला धाकटी. सासूला मी आत्याबाई म्हणायची. सासरे कधीच गेले होते. घरात आम्ही तीन माणसं, पण वागणूक चार माणसं असल्यासारखी.

पहिल्याच पहाटे मी खोकला ऐकला. मागच्या दारापलीकडून, उकिरड्याच्या बाजूने येत होता. घसा खरवडून काढावा तसा कोरडा, मग ओला, मग श्वास ओढल्याचा आवाज. मी उठायला लागले तर नवऱ्याने मनगट धरलं.

‘‘उठू नको. थोरली हाय.’’

‘‘थोरली तर मेली ना?’’

‘‘मेली. खोकला रायला.’’

एवढं बोलून तो कूस बदलून झोपला. मी पडल्या पडल्या ऐकत राहिले. खोकला थांबला की आत्याबाईंचा आवाज यायचा, लहान पोराला समजवावं तसा हळू. शब्द कळत नव्हते. पुन्हा खोकला, पुन्हा आत्याबाई. मग सगळं शांत. थोड्या वेळाने त्या हात धुऊन आत आल्या आणि म्हणाल्या, ‘‘ऊठ गो, चूल पेटव.’’

घरचा नियम असा होता, की तो आवाज थांबेपर्यंत मागचं दार कोणी उघडायचं नाही. आत्याबाई तेवढ्या जात. त्यांनाच तिची समजूत काढता येते, असं सगळी आळी मानत होती. मला तर त्या फार धीराच्या वाटायच्या. पावसाळ्यात तो आवाज कमी असायचा. भादवा सरला, ऊन तापायला लागलं, पहाटे केळीच्या पानांवरून दव ठिबकायला लागलं की रोज.

माणसाला कशाचीही सवय होते. मलाही झाली. मुलगी झाली तोवर तर कोंबडा आरवावा तसा मला तो खोकला वाटू लागला होता.

*

मुलगी रांगायला लागली त्या शरदात मला खोकला लागला. आधी धुळीचा म्हटलं, मग भात झोडपण्याचा म्हटलं. संध्याकाळी अंग कढत होई. रात्री पोलकं पिळावं एवढा घाम.

थोरलीने पाळलेली एक मांजर होती. ती माझ्याजवळ कधी फिरकत नसे. मी हात पुढे केला तर दात दाखवायची. एके दुपारी मी पडवीत बसून खोकत होते, तर ती वाडीतून धावत आली आणि माझ्या मांडीवर चढून बसली. तोंडाकडे बघत राहिली. मला तिला ढकलायचा धीर झाला नाही.

भिंतीपलीकडच्या काकी पाणी न्यायला आल्या होत्या. त्या घागर तशीच ठेवून उभ्या राहिल्या.

‘‘अगो बाय! हा तर तिचाच.’’

‘‘काय तिचा?’’

‘‘खोकला गो. मी भिंतीआडून वर्सभर ऐकला हाय. डोले मिटले तर थोरलीच बसलीय असं वाटते.’’

त्या दिवसापासून लोक माझ्याशी बोलताना माझ्या खांद्यामागे बघायला लागले. नवरा माझ्या अंथरुणापासून दूर झोपू लागला. आजाराला भिऊन नव्हे. एकदा अर्धवट झोपेत त्याने मला तिच्या नावाने हाक मारली होती आणि मी ‘ओ’ दिली होती. 

*

वसईतल्या डॉक्टरांनी छाती ऐकली आणि मुंबईला फोटो काढायला पाठवलं. फोटो घेऊन परत आलो तो दिवस मला आठवतो तो असा. डॉक्टरांनी तो काळा कागद खिडकीच्या उजेडात धरला. माझ्याच बरगड्या मला दिसल्या. मेल्यावर आपण कसे दिसणार हे बघायला मिळतं असं कोणाला वाटलं होतं? मला भीती नाही वाटली. लाज वाटली, आतलं उघडं पडल्यासारखी.

डॉक्टरांनी नवऱ्याला विचारलं, ‘‘घरात आणखी कोणाला खोकला आहे?’’

‘‘नाय.’’

‘‘नीट आठवा. जुना, सकाळचा, कसलाही.’’

‘‘कोणाला नाय, डॉक्टरसाहेब.’’

तो खोटं बोलत नव्हता. मलाही विचारलं, मीही नाही म्हटलं. मेलेल्या बाईचा खोकला डॉक्टरला कोण सांगणार?

*

मुंबईच्या इस्पितळात मला ठेवलं. मुलगी घरी आत्याबाईंकडे राहिली. पहाटे घंटा, मग ताप मोजायची काचेची कांडी तोंडात, मग दूध आणि अंडं. मी जन्मात अंडं खाल्लं नव्हतं, नाक दाबून गिळलं. प्रत्येकीच्या उशाशी झाकणाचा डबा, थुंकायला. कुठेही थुंकलं तर नर्सबाई सगळ्यांसमोर ओरडायची. थुंकीतच आजार असतो, आणि एकाच्या तोंडातून दुसऱ्याकडे जातो, हे मला तिच्याकडून कळलं. दंडावर आणि कमरेखाली सुया. बसता येईना.

सकाळी एखाद्या खाटेवरची गादी गुंडाळून उन्हात टाकलेली दिसे.  जी ती आपलं दूध पीत राही.

माझ्या शेजारच्या खाटेवर पाचूबंदरची एक कोळीण होती, फिलूमावशी. गळ्यात क्रूस, आणि जिभेला हाड नाही. थोरलीची गोष्ट मी तिला एकदाच सांगितली.

ती म्हणाली, ‘‘मग हितं का नाय येत ती? आगगाडीचं तिकीट परवडत नाय काय तिला?’’

मी किती दिवसांनी हसले. हसताना रक्त आलं, तरी हसले. आणि मग मनात आलं, की खरंच, इथे पहाटे जेवढ्या खोकतात तेवढ्या सगळ्या जिवंत आहेत. मी कान देऊन ऐकलं. सगळे खोकले सारखेच होते. थोरलीचा म्हणून वेगळा असा त्यात एकही ओळखता आला नाही.

फिलूमावशी वाचली नाही. मी पाऊस संपता संपता घरी आले. सुया वसईला जाऊन घ्यायच्या होत्या. आराम करा, म्हणून सांगितलं होतं.

*

घरी माझं ताट गोठ्यात, वाटी गोठ्यात, अंथरूण पडवीच्या टोकाला. डॉक्टरांनी तसंच सांगितलं होतं आणि आत्याबाई ते काटेकोर पाळत होत्या. मुलगी आता चालत होती. तिला माझ्यापाशी येऊ देत नव्हते. मी लांबून बघायची. आत्याबाई तिला मांडीवर घेऊन सुकेळं भरवायच्या. आमच्याकडे केळी उन्हात सुकवून ठेवतात, ते चिवट असतं. आत्याबाई ते आपल्या तोंडात चावून मऊ करत आणि तिच्या तोंडात घालत. ती चिमणीच्या पिलासारखी तोंड उघडून बसे. मला त्या मऊ घासाचा हेवा वाटायचा.

तेवढ्यात चिनी फेरीवाला आला. पाऊस सरला की तो दरवर्षी यायचा. पाठीवर रेशमी कापडाचं गाठोडं. ख्रिस्ती वाड्यांत लग्नाच्या कापडाला गिऱ्हाईक मिळे, मग येता येता आमच्याकडे. युद्धात बर्म्याहून चालत आला, असं लोक म्हणत. त्याचं रेशीम धुतल्यावर आटतं, हे मी घेतलं होतं म्हणून सांगते. दातही बसवायचा, आणि कोणी विचारलं तर औषधही सांगायचा.

त्याने मला ओट्यावर बघितलं आणि गाठोडं खाली ठेवलं.

‘‘बेटी, जीभ दिखाओ.’’

काकी लगेच कुंपणाशी. ‘‘चिन्याला जीभ दाखव हां, उद्या सासूला दाखवशील.’’

त्याने कापडाची गुंडाळी करून माझं मनगट तिच्यावर ठेवलं आणि तीन बोटं नाडीवर टेकली. डोळे मिटले. आधी एक हात, मग दुसरा. इतका वेळ की मला वाटलं झोपला. मग म्हणाला, ‘‘सूखा. ये मौसम फेफडे का है. बारिश गया, हवा सूखा, तो फेफडा सूखता. सुई बंद नहीं करना. बस ये मौसम संभालो.’’

मग आत्याबाईंकडे वळून म्हणाला, ‘‘माजी, आपका हाथ?’’

त्यांनी हात पदराखाली घेतला. ‘‘मला काय धाड भरली?’’

त्याने पुन्हा विचारलं नाही. मला त्याने जे सांगितलं ते असं. त्याच्या देशात प्रत्येक ऋतूचा एक अवयव धरतात. शरद छातीचा. ह्या दिवसांत तिखट, तळलेलं, सुकी मासळी बंद. पांढरं आणि रसाळ खायचं. तो नासपाती खडीसाखरेत शिजवून घे म्हणाला. आमच्याकडे नासपाती कुठली? मग कोहळा सांगितला, मुळा, पांढरे तीळ, मध. संत्र्याची सुकवलेली साल पाण्यात उकळून प्यायला दिली. ती कडू होती, पण कफ सुटायचा. मान आणि पाठ उघडी टाकायची नाही. सूर्य बुडाला की आडवं व्हायचं आणि कोंबडी उठेल तिच्याबरोबर उठायचं. उठल्यावर घरात बसायचं नाही, उघड्यावर बसून सावकाश श्वास घ्यायचा.

शेवटी म्हणाला, ‘‘और रोना नहीं. दुख फेफडे में घर करता. शरद में दरवाजा खुला रहता.’’

हे सांगताना त्याचेच डोळे ओले होते. त्याचं कोण गेलं होतं ते आम्ही विचारलं नाही.

ह्यातलं कशाने बरं वाटलं, मला विचारू नका. मी सुयाही घेतल्या आणि कोहळाही खाल्ला. पण त्या शरदात माझा घसा सुकला नाही, झोप लागायला लागली, हे खरं. कोणाला करून बघायचं असेल तर बघा. डॉक्टर सोडून नव्हे, डॉक्टरबरोबर.

*

एकच पथ्य अवघड होतं. कोंबड्यांबरोबर उठून उघड्यावर बसायचं म्हणजे मागच्या अंगणात बसायचं. पुढे रस्ता, तिथे बाईने बसून श्वास ओढत बसणं शोभत नव्हतं. आणि मागे त्याच वेळी थोरली.

पहिल्या पहाटे मी दारापर्यंत जाऊन परत आले. दुसऱ्या पहाटे तो खोकला सुरू होण्याआधीच, अजून पुरतं उजाडलं नसताना, मी घोंगडी पांघरून बाहेर पडले आणि पेंढ्याच्या उडवीला टेकून बसले. मनात म्हटलं, मी तशीही अर्धी तिकडचीच. एकदा बघू तरी दे ती कशी दिसते. माझ्यासारखीच दिसते का?

धुकं खाडीवरून वाडीत शिरलं होतं. केळी कंबरेपर्यंत दिसत नव्हत्या, वरची पानं तेवढी तरंगत होती. मांजर आली. माझ्याकडे आली नाही. उकिरड्याशी जाऊन शेपूट गुंडाळून बसली, कोणाची तरी वाट बघत.

मागचं दार उघडलं. आत्याबाई बाहेर आल्या. मी दिसत नव्हते. त्या उकिरड्याच्या कडेला, जिथे चुलीची राख टाकत असू तिथे उकिडव्या बसल्या. आणि खोकायला लागल्या.

तोच खोकला. कोरडा, मग ओला, मग ओढलेला श्वास. आळीने ओळखलेला, माझ्या घशात ऐकलेला. त्यांचं अंग पुढे वाकत होतं, दोन्ही हात गुडघ्यांवर. खोकला थांबला. मग त्यांनी मान जराशी बाजूला केली आणि शेजारी कोणी बसलं असावं तशा बोलल्या,

‘‘झालं का बाय? नाय? काढ, काढ. सगलं काढ.’’

आणि पुन्हा खोकल्या.

 उकिरड्याशी कोणी दिसलं असतं तरी मी एवढी भ्याले नसते. तिथे कोणी नव्हतं. एकच तोंड खोकत होतं आणि तेच तोंड समजूत घालत होतं. त्यांनी थुंकलं, बाजूची राख ओढून झाकलं, हात झाडले. मांजर उठून त्यांच्या पायांना घासली.

मी पुढे झाले. पायाने राख बाजूला केली. इस्पितळात मी ते पुष्कळ बघितलं होतं. लाल होतं.

‘‘आत्याबाई, हा खोकला कोणाचा?’’

त्या दचकल्या नाहीत. ‘‘तिचा.’’

‘‘तोंड तर तुमचं.’’

‘‘तोंड माझं. खोकला तिचा.’’

‘‘आणि हे रक्त?’’

‘‘तिचंच. माझ्या अंगात कुठलं आलं एवढं?’’ त्या उठून उभ्या राहिल्या. ‘‘ती गेली तवा मीच तिला बोलले, माझ्यात ये, पण माझ्या लेकाला सोड. आली. मी रोज पहाटे तिला मोकली करते. मग दिवसभर गप असते. तू आलीस तवा पन सांगितलं, नव्या पोरीला हात लावू नको. नाय ऐकलंन. तुझ्यात पन शिरली.’’

 आता माझ्या लक्षात येत होतं. थोरलीही ह्याच घरात सून होती. आमच्याकडे सून सासूच्या ताटात जेवते, सासूचं उष्टं ते मायेचं. थोरली त्या ताटात जेवली. मीही जेवले. खोकला थोरलीच्या आधीचा असेल. विचारून उपयोग नव्हता. ही बाई हे सगळं मनापासून बोलत होती. आम्हाला वाचवते आहे असं समजून ती इतकी वर्षं थंडीत येऊन बसत होती.

आतून मुलगी रडायला लागली. उठली होती. तिला आजी हवी होती.

आत्याबाई दाराकडे वळल्या. मी वाट अडवून उभी राहिले. भूत नाही, जंतू आहे, हे मी बोलले असते तर त्या हसल्या असत्या. मी म्हटलं,

‘‘तुमच्या तोंडात ती आहे ना?’’

‘‘हाय.’’

‘‘मग सुकेळं कोणाच्या तोंडातून चावून देता पोरीला?’’

त्या थांबल्या. मुलगी आत ‘‘आजे, आजे’’ करत होती. आत्याबाईंनी हाताची पाठ ओठांवर ठेवली आणि तिथेच दाबून धरली. कितीतरी वेळ काढली नाही.

*

नवऱ्याला सांगितलं तर तो माझ्या अंगावर आला. ‘‘आयवर आळ घेतेस? तिने तुझं हगलंमुतलं काढलं!’’ हे खरं होतं. काकी म्हणाल्या, धाकटीच्या तोंडून थोरली बोलते, सासूचा सूड घेते. तेही आळीला पटलं. घरात माझ्याशी कोणी बोलेना.

आत्याबाई मात्र त्या पहाटेपासून मुलीला शिवल्या नाहीत. पोर ओट्यावर त्यांच्या मागे मागे जाई, त्या उठून वाडीत जात. पोर कुंपण धरून रडे. त्या केळीत पाठ करून उभ्या राहत. मी मुलीला उचलायला गेले तर ती मला ओळखेना, हात-पाय झाडायची. तिला डॉक्टरांकडे नेलं. छाती स्वच्छ निघाली. मी बाहेर येऊन दवाखान्याच्या पायरीवर बसले आणि चिन्याने नको म्हटलेलं तेवढं केलं.

त्यानंतर एका सकाळी आत्याबाईंनी धुतलेलं लुगडं नेसलं, डोक्याला तेल लावलं आणि लेकाला म्हणाल्या, ‘‘टांगा आन. मी तिला घेऊन जाते.’’

‘‘कोणाला गो आय? कुठे?’’

‘‘जिकडे हिला नेलंस तिकडे.’’

त्या परत आल्या नाहीत. इस्पितळात फार दिवस काढले नाहीत त्यांनी. पण त्या गेल्या त्या दिवसाचंच सांगते. टांगा दाराशी आला. आळी जमली. नवरा पुढे टांगेवाल्याच्या शेजारी बसला. आत्याबाई मागे चढल्या, कडेला सरकल्या, आणि लुगडं आवरून आपल्या बाजूची जागा हाताने झाडली.

‘‘ये बाय. बस,’’ त्या म्हणाल्या.

टांगेवाला स्टेशनकडचा, त्याला काही माहीत नव्हतं. त्याने मागे वळून बघितलं. ‘‘अजून कोण यायचंय?’’

 काकींनी त्या झाडलेल्या जागेकडे बघितलं, नवऱ्याने घोड्याकडे. मी मुलीला घट्ट धरून दारात उभी होते. टांगा जरासा मागे झुकला, घोड्याने पाय बदलला म्हणून असेल. आत्याबाईंनी शेजारी बघितलं, आपल्या पदराचं टोक उचलून त्या रिकाम्या जागेवर पांघरल्यासारखं टाकलं, आणि टांगेवाल्याला म्हणाल्या, ‘‘बसली. चल आता.’’